आतून ओ आल्याशिवाय

लाडक्या पंचफुलाबाईले शेवंताचा सप्रेम जयभीम.

आज कागद-पेन घेऊन मी कुठं बसली हाये, सांग बरं? तुह्याच दारात! तू जिथं सकाळी ज्वारी निवडत बसायची, त्याच ओट्यावर. आत तुहा मिलिंद हाये. मी बाहेरून हाका मारून राह्यली अन् तो काही ओ देऊन नाई राह्यला. म्हणलं, ओ आल्याशिवाय इथून उठायचं तं नाईच. मग रिकामी बसण्यापेक्षा याच्या मायलेच चार गोष्टी सुनावते.

तू वाचणार नाईस, हे मले माईत हाये. आपण आत्मा-बित्मा मानत नाई. पण राग आला की कोणावर तरी काढाच लागते, अन् तुह्यासारखं मुकाट्यानं ऐकणारं दुसरं... छे! तू कुठं ऐकलं कधी? तेच तं भांडण हाये माहं.

माही शाळा तिसरीतच सुटली. काना-मात्रा चुकली तं माही नात प्रज्ञा दुरुस्त करणार हाये. पण बोलणं दुरुस्त करायचं नाई, असं मी तिले बजावून ठेवलं. ते माहंच राहू दे.

नवी सून होऊन आली तवा मी तुले "अवो जाऊबाई" म्हणत होती, आठवते? तं तूच म्हणली, "तुमी-बिमी म्हणशीन तं सरपणाले संगं नेणार नाई." तवापासून तू ते तूच. म्हणून आजही मोठी जाऊ हायेस याचा मुलाहिजा न ठेवता विचारते. काहून वागली अशी? अन् वागली तं वागली, पोराले बी तेच काहून शिकवून गेली?

मिलिंदले साखर हाये, हे तुले माईत होतं. तू होती तवा गोळ्यांवर भागत होतं. आता भागत नाई. पायाच्या अंगठ्याले चप्पल लागली, लहानशी जखम झाली, अन् ती भरायचं नाव घेत नाई. तुही टाच अशीच होती ना? रिसोडच्या डॉक्टरनं सांगितलं, इन्सुलिनची सुई सुरू करा. कशी घ्यायची ते दाखवलं, जखमेची पट्टी करून देली. यानं इन्सुलिन आणलं, फ्रिजमध्ये लोणच्याच्या बरणीमागं ठेवलं, अन् सवारीची जीप घेऊन चालला केनवड-रिसोड, रिसोड-केनवड. जशी काही ती बी लोणच्याचीच बाटली!

मी बोलली तं म्हणते कसा, "काकू, मायले सुईनंच नेलं. सुई लागली अन् आठवडा नाई निघाला."

अवं पंचफुला, त्याले काय बोलू? साऱ्या वस्तीत तेच झालं ना तुह्या माघारी. तुले नेऊन परत आलो, अन् बाया ओट्यावर बसून तेच म्हणे, "सुई म्हणजे शेवटचीच पायरी असते बाई." एकीनं म्हणलं, दुसरीनं मान हालवली, तिसरीनं आपल्या सासऱ्याचं सांगितलं. सुई काहून लागली, कवा लागली, ते कोणी इचारलं नाई. तू वर्षभर त्या सुईले नाई-नाई म्हणत राह्यली. चहातली साखर सोडली अन् गूळ टाकला, म्हणे गूळ आंगाले लागत नाई! कडुलिंबाचा पाला वाटून पेली. टाच काळी पडली तरी लुगड्याखाली लपवली. दवाखान्यात नेलं तवा वास येऊन राह्यला होता. तवा कुठं सुई लागली. बुडालेल्या माणसाले शेवटी दोर फेकला, अन् लोक म्हणे दोरानंच मेला!

आता तुले आपल्या प्रज्ञाचं सांगते, म्हणजे माहं डोकं थोडं थंड होईन. वाशिमले कॉलेजात हाये, पेशींचा अभ्यास करून राह्यली. आपलं आंग म्हणजे बारीक-बारीक पेशींची वस्तीच, म्हणते. काय बोलते बाप्पा पोट्टी! बोलाले लागली की मले वाटते, भाकर करपली तरी चालीन, पण हिनं थांबू नये. आपण दोघी वावरात निंदत होतो तवा कोणी सांगितलं असतं की या घरातली पोरगी दुर्बिणीतून रक्त पाहीन, तं तू हसून विळाच टाकला असता.

मी तिले म्हणलं, "माय, मले नीट सांग. सुई आंगात जाऊन करते तरी काय?"

तिनं कुलूप-किल्लीचं सांगितलं. इन्सुलिन म्हणजे किल्ली, पेशी म्हणजे कुलूप लावलेलं घर. मले काही पटलं नाई. आपल्या वस्तीत दिवसा कोणाच्या दाराले कुलूप असते? मी म्हणलं, दुसरं काही सांग. मग ती म्हणली, "आजी, असं समज की इन्सुलिन निरोप घेऊन येते. पेशीच्या बाहेरच्या पडद्यावर निरोप ऐकणारी जागा असते, तिले रिसेप्टर म्हणतात. इन्सुलिन आत जात नाही. दारावरच सांगते. मग आतल्या आत एक दुसऱ्याले सांगते, दुसरा तिसऱ्याले, अन् शेवटी आतून साखर घेणारी दारं वर येऊन पडद्यात बसतात. मग रक्तातली साखर आत जाते."

मी टाळीच वाजवली! म्हणलं, "हे तं पंचफुलाबाईचं आवतन हाये!"

आता खरं सांग, नाई काय? लगन असो, बारसं असो, गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन असो, वस्तीले जेवणाचं आवतन सांगाले तूच जाणार. पदर खोचून एका टोकापासून सुरू. दारात उभी राहून हाक, "चूलबंद हाये वो!" म्हणजे साऱ्या घराचं जेवण तिकडं, आज तुमी चूल पेटवू नका. उंबरठ्याच्या आत तू पाय टाकला नाई कधी. मी इचारलं होतं काहून, तं म्हणली, "आत गेली की चहा आला, चहा झाला की गोष्टी आल्या, अन् पुढची घरं उपाशी राह्यली." दारावरच निरोप. आत सासू सुनेले सांगे, सून पोरायले, कोणी चुलीतलं लाकूड बाहेर ओढे. तू तोपर्यंत पुढच्या दारात!

अन् तुहा कायदा! आतून ओ आल्याशिवाय दार सोडायचं नाई. कोणी ऐकून गप बसलं तं तू तिथंच उभी. "ऐकलं ते मले कसं कळन? ओ द्या!" म्हातारे चिडत, पण ओ देत.

प्रज्ञा खूश झाली. म्हणली, "आजी, जमलं. अन् आवतन एकच, पण साऱ्या घरांनी एकच काम केलं नाई ना?" खरंच की! ज्याच्याकडं भात शिजवायचे मोठे गंज होते ते गंज घेऊन येत, पोट्टे वाढाले येत, म्हातारे नुसते जेवाले येत. तसंच म्हणे इन्सुलिनचं. हातापायाच्या मासाले सांगते, साखर आत घे. उजव्या बरगडीखालच्या यकृताले सांगते, तुही साठवलेली साखर बाहेर सोडू नको. निरोप तोच, ज्याच्या घरात जे हाये ते तो करते.

मग मी अजून शहाणपणा केला. म्हणलं, "म्हणजे साऱ्या निरोपायले साऱ्या पेशी ऐकतात." ती म्हणली, "चूक. ज्या दारावर त्या निरोपाची जागाच नाही, तिथून तो पुढं निघून जाते." मारली ना फुली! मास्तरीणच हाये बाप्पा.

तिनं भीतीच्या निरोपाचं बी सांगितलं. तुले आठवते, ओढ्याजवळ तो हेला, तो माजलेला रेडा, आपल्या मागं लागला होता? तू उभ्या बैलगाडीवर अशी चढली की तिथं शिडी होती काय, असं वाटावं! अन् मले म्हणे, "तू पळ, मी इथून पाहाते." वा गं वा! तवा छाती धडधडली, हाताले घाम सुटला, पायात बळ आलं, ते सारं एकाच निरोपानं झालं म्हणते. भीतीचा निरोप रक्तातून धावला, काळजानं ऐकलं, घामानं ऐकलं, यकृतानं साखर सोडली. एवढं सारं तुह्या आंगानं डोळ्याची पापणी लवायच्या आत ऐकलं, अन् मी वर्षभर "सुई घे, सुई घे" म्हणली ते ऐकलं नाई!

बरं, साखरेच्या रोगात होते काय, तं आवतन दारावर येते, पण घरातले उठत नाई. निरोप पोचते, आतल्या आत पुढं सरकत नाई. मग पोटामागं जो इन्सुलिन बनवणारा पिंड हाये, तो अजून पाठवते, अजून पाठवते. एका हाकेत उठत नाई त्याले दोन हाका. असं करता करता तोच थकते. रक्तात साखरेचा पूर अन् पेशी उपाशी! वाढपी पंगतीत भातानं भरलेला गंज घेऊन उभा, अन् लोक घरात भुकेले बसलेले. आता थकलेल्या आवतनवालीच्या मदतीले दुसरी बाई धाडली तं ती बाई काय सरण घेऊन येते? तीच ती सुई! पण हे तुले सांगणारं तवा कोणी नव्हतं. डॉक्टर म्हणे "घ्या", तू म्हणे "नाई", अन् मधात आमी नुसत्या रडणाऱ्या.

मी अन् प्रज्ञानं हे सारं मिलिंदले सांगितलं. तो जीपचा टायर पाहात बसला होता.

"झालं काय तुमचं कीर्तन?" म्हणते.

प्रज्ञा म्हणली, "काका, तुमच्या पेशी निरोप ऐकून नाही राह्यल्या."

"माह्या घरात कोण ऐकते माहं, तं पेशी ऐकतीन?"

आतून त्याची बायको रेखा म्हणली, "अन् तुमी कोणाचं ऐकता?"

"हे पाह्य! हे पाह्य! सकाळपासून हेच." अन् किल्ली फिरवून गेला. पंचफुला, डोळे तुहे, नाक तुहं, अन् हट्ट तं तोळाभर जास्तच! मले असा संताप आला की त्याच्या जीपच्या मागं हेला सोडावा.

अन् मग काल तू जाऊन वर्ष झालं, तुहं पुण्यानुमोदन आलं.

मी मिलिंदले आधीच म्हणलं होतं, आवतन सांगाले मी जाते. तं म्हणे, "काकू, या उन्हात कायले फिरता? वस्तीच्या व्हाट्सॲप ग्रुपवर टाकलं." हे व्हाट्सॲप आलं तवापासूनच तं तुहं फिरणं बंद झालं होतं. तुले कोणी सांगाले धाडे ना, अन् तू या ओट्यावर बसून गेली. प्रज्ञा म्हणते, चालत्या पायाचं मास इन्सुलिनची वाट न पाहता बी थोडी साखर ओढून घेते. नुसत्या बसण्यानं रोग आला असं नाई, पण त्याची बी भर पडली असन. मले त्या ग्रुपचा तवापासूनच राग हाये.

तं काल भंतेजी आले, वंदना झाली, तुह्या फोटोपुढं मेणबत्ती लागली. घरची माणसं होती, वस्तीतले आठ-दहा होते. म्हणलं, बाकीचे जेवाले येतीन. वरण-भात, वांग्याची भाजी, पोळ्या, बुंदी, सारं मांडवात तयार. अन् माणूस येईना! दुपार कलली. भाजीवर तर्रीची साय धरली. मिलिंद लंगडत-लंगडत रस्त्यावर जाऊन पाहे, परत येई, फोन उघडे.

"काकू, साऱ्यायनं पाह्यलं हाये! हे पाहा, निळ्या रेघा. एकूण एक माणसानं वाचलं. मग उठत काहून नाई? मायच्या जेवणाले सुद्धा?" त्याच्या डोळ्यात पाणी.

मले बी रडू आलं. पण रडता-रडताच मी त्याचा हात धरला. म्हणलं, "निरोप पोचला ना?"

"पोचला ना! दिसून राह्यलं."

"पण घरातलं कोणी उठलं नाई."

"नाई."

"अन् आता काय करू? चुली विझवून बसू, की अजून एक हाक देऊ?"

प्रज्ञा बाजूले पोळ्या झाकून राह्यली होती, ती हळूच म्हणली, "काका, तुमच्या आंगात हेच होऊन राह्यलं."

मिलिंदनं फोन खिशात टाकला. मी बी थांबली नाई. पदर खोचला, अन् तुही शपथ, एका टोकापासून सुरू केलं. दारात उभी राहून हाक, "चूलबंद हाये वो, पंचफुलाबाईचं!" काय सांगू तुले, घरोघरी लोक धुतलेले कपडे घालून बसले होते! म्हणे, "शेवंताबाई, फोनवर वाचलं, पण दारावर कोणी आलं नाई. बिनआवतनाचं कसं यावं?" एक म्हातारा तं उपाशीपोटी काठी घेऊन तयारच होता, अन् वरून मलेच रागावला, "किती उशीर केला!" घ्या! पण मी साऱ्यायचा ओ घेतला. एक दार नाई सोडलं. माहे गुडघे बोंबलून राह्यले हायेत अजून.

मांडव भरला. पोट्टे वाढाले लागले, बाया गंज घासाले बसल्या. तवा मिलिंद आत गेला अन् लोणच्याच्या बरणीमागून ते इन्सुलिन काढून आणलं. डॉक्टरनं दाखवलं होतं तसं, सांगितलं होतं तेवढंच, प्रज्ञानं पुन्हा कागदावर पाहून घेतलं. शर्ट वर केला, डोळे असे मिटले जसा काही फासावर चालला.

"झालं?" म्हणते.

"कवाचं झालं, काका. आता पानावर बसा. सुई घेतली की जेवण चुकवायचं नाही."

"बस, एवढंच?"

मोठा पुरुष, पायाले पट्टी, पोट उघडं, अन् तोंड असं, जसं लहानपणी तू गोवरात त्याले काढा पाजला होता तवा झालं होतं. मग प्रज्ञाले इचारते, "आतले ऐकतीन काय वं माहं?"

ती म्हणली, "एका दिवसात नाही कळणार. उद्या परत सांगायचं. अन् जखम डॉक्टरले दाखवत राहायची."

मले इतकं भरून आलं, की मी तुह्या फोटोपुढची बुंदी उचलून प्रज्ञाच्या तोंडात टाकली. तुही बुंदी होती, पण तुले कोण देणार होतं? तुले साखर होती!

तुले वाटन, झालं सारं गोड. कायचं गोड! आज सकाळी मी इचाराले आली, तं रेखा म्हणते, "काकू, ते म्हणे कालची हाये ना आंगात, आज राहू द्या. जीपचं भाडं हाये रिसोडचं." कालची हाये आंगात! काल जेवला तं आज जेवत नाई काय रे? काल आवतन देलं म्हणून आजच्या लगनाले लोक आपोआप येतीन काय? डोकं आपटावं वाटते या ओट्यावर. रोज सांगा लागते, मूर्खा! आंगाचं असंच हाये, माणसाचं बी असंच हाये.

पण तुह्यावर बी राग हाये तो हाये. तुले मी दारातून हाका मारल्या, अन् तू ओ देला नाई. आतून म्हणे, "झोपली हाये." झोपलेलं माणूस असं सांगते काय कधी? मी परत गेली. तुहा कायदा साऱ्या वस्तीले लागू, अन् तुह्याच दाराले कोणी लावला नाई. टाच दाखवली असती तं आज या ओट्यावर आपण दोघी बसलो असतो, अन् मिलिंदले दोघीनं मिळून शिव्या देल्या असत्या. किती मजा आली असती! एकटीनं शिव्या देऊन घसा दुखून राह्यला.

थांब, आत काही वाजलं. फ्रिजचं दार वाटते.

पण फ्रिजचं दार म्हणजे ओ नव्हे. पाणी प्याले बी उघडते माणूस फ्रिज.

तं पंचफुलाबाई, माहं तुले वचन हाये. आजपासून रोज सकाळी मी तुह्या दारात येईन. उंबरठ्याच्या आत पाय टाकणार नाई, चहा घेणार नाई. पोराले तुह्यासारखीच हाक देईन. तो चिडन, मले म्हातारी चळली म्हणन, म्हणू दे. वस्तीतल्या ज्या बाया "सुईनं नेली" म्हणतात, त्यायच्या बी दारात जाईन, अन् प्रज्ञाले संगं नेईन. पण मिलिंद आतून "घेतली वो काकू" असं मोठ्यानं म्हणत नाई, तोपर्यंत मी हा ओटा सोडणार नाई. गुडघे गेले तं बसून हाक मारीन.

तुही, अन् आता तुह्या दाराचीच,
शेवंता